राणी बदलण्याआधी

चि. बाळ,

परसातली पेटी खालावली की नव्या मधपाळाचा पहिला संशय राणीवर जातो. माश्या दोन-तीन चौकटींवर आल्या, दारातली ये-जा मंदावली, की राणी बदलायची घाई सुरू होते. मोबाइलवर एखादा अमेरिकन मधपाळ पोस्टाने आलेली राणी छोट्या पिंजऱ्यासकट पेटीत ठेवताना दिसतो आणि काम अगदी सोपे वाटू लागते. तुझ्या पत्रातही तोच सूर आहे. पण तिकडची माशी मेलिफेरा. तिच्या राण्या वाढवून विकण्याचा तिकडे धंदाच आहे. कोकणातल्या परसात असते ती सातेरी, आणि सातेरीच्या पेटीला सातेरीचीच राणी लागते. ती दुकानात मिळत नाही, शेजारच्या जोमदार पेटीतूनच मिळवावी लागते. म्हणून पेटीतल्या राणीला हात लावण्याआधी दोष खरोखर तिचाच आहे का, एवढे तपासावे.

भाद्रपदात बहुतेक वेळा तो तिचा नसतो. पावसाळ्यात फुलोरा कमी, परागकण भिजलेले, माश्यांना बाहेर पडायला उघडीप नाही. खाणे येईनासे झाले की राणी अंडी घालणे कमी करते, कधी थांबवतेही. अशा पेटीला समप्रमाणात साखर आणि पाणी घेऊन केलेला पाक संध्याकाळी, पेटीच्या आत आणि थेंबही न सांडता द्यावा. सांडलेल्या पाकावर मुंग्या येतात आणि दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. माश्यांनी सोडून दिलेल्या जुन्या काळ्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो, ती काढून टाकावीत. आठवड्याभरात अंडी दिसू लागली तर सुंठीवाचून खोकला गेला. एक आजार मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा. अळ्या पिशवीसारख्या फुगून, टोक वर करून मेलेल्या दिसल्या तर तो विषाणूजन्य थाई सॅकब्रूड असू शकतो. १९९१-९२ च्या सुमारास केरळात याच रोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. अशा पेटीतली चौकट दुसऱ्या पेटीत कधीही घालू नये.

आता राणीची परीक्षा. नवखा माणूस चौकटीमागून चौकट उचलून राणीच शोधत बसतो. सातेरी चपळ आणि भित्री. फार छेडले तर सगळे बिऱ्हाड-बाजले उचलून पेटी सोडून जाते. राणी दिसलीच पाहिजे असे नाही, तिचे काम दिसले तरी पुरते. अंड्यातून अळी निघायला सुमारे ३ दिवस लागतात. म्हणजे पोळ्यातल्या घराच्या तळाशी एकेक अंडे दिसले तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी राणी तिथे होती. सलग पसरलेली बंद पिल्लावळ हे चांगल्या राणीचे लक्षण. मध्ये मध्ये रिकामी घरे असलेला विस्कळीत पट्टा दिसला तर राणी थकलेली असू शकते, किंवा रोग असू शकतो.

कामकऱ्यांच्या लहान घरांवर फुगीर टोप्या दिसल्या तर गोष्ट वेगळी. तिथे नर वाढत आहेत. जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबरने याचे कारण अठराव्या शतकातच गाठले होते. तो आंधळा होता. त्याचा मदतनीस ब्युर्नां पोळी पाहून सांगे आणि ह्यूबर प्रयोग आखे. १७९२ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात नोंद आहे की राणीला तीन आठवड्यांहून जास्त कोंडून ठेवले, मिलन लांबले, तर पुढे ती फक्त नरच निपजवते. फलन न झालेल्या अंड्यातून नर निघतो, हे सिलेशियातल्या झीर्झोन या पाद्र्याने १८४५ मध्ये मांडले. आपल्याकडच्या मुसळधार पावसात ह्यूबरचा प्रयोग आपोआपच घडतो! कोवळ्या राणीला मिलनासाठी आकाशात उडावे लागते. उघडीप मिळालीच नाही, तर ती राणी असून नसल्यासारखी. अशी राणी मात्र बदलावीच लागते.

एकाच घरात तीन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, दिसली तर राणी गेलेली आहे आणि कामकऱ्याच अंडी घालू लागल्या आहेत. सातेरीत ही वेळ फार लवकर येते. अशी वसाहत नवी राणी सहसा मारून टाकते, तेव्हा तिच्यावर राणी वाया घालवू नये.

शंका असेल तर जोमदार, निरोगी पेटीतली एक चौकट आणून कमजोर पेटीच्या मध्यभागी ठेवावी. तिच्यावर अंडी आणि अगदी कोवळ्या अळ्या हव्यात, राणी चुकूनही नको. पेटी खरोखर बिनराणीची असेल तर चार-पाच दिवसांत माश्या भुईमुगाच्या शेंगेसारखी, खाली लोंबणारी राणीघरे बांधू लागतात. नाही बांधली, तर आत कोणीतरी आहे असे समजावे. राणी बदलण्याचा परसातला सर्वांत स्वस्त मार्गही हाच. जोमदार पेटीत तयार राणीघर मिळाले तर आणखी दिवस वाचतात. ते पोळ्याच्या तुकड्यासह कापून, टोक खालीच ठेवून, धक्का न देता, न उलटवता कमजोर पेटीतल्या पिल्लावळीशेजारी बसवावे. जुनी राणी त्याच्या एक दिवस आधी काढावी. तिला मारताना हात कचरतो, पण दोन राण्या ठेवून चालत नाही.

अंड्यापासून राणी बाहेर यायला १५-१६ दिवस. त्यानंतर मिलन होऊन अंडी दिसेपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे. या काळात रोज झाकण उघडणारा मधपाळ मेणकिड्याइतकाच घातक. नरांचाही हिशेब करावा. नर वाढायला सुमारे २४ दिवस लागतात आणि मिलनायोग्य व्हायला आणखी काही दिवस. आजूबाजूच्या पेट्यांत नर दिसत नसतील तर नवी राणी काढून उपयोग नाही. म्हणून भाद्रपदात पाक द्यावा आणि राणीचे काम पाऊस ओसरल्यावर, आश्विनात हाती घ्यावे.

कामकऱ्या अंडी घालत असतील, किंवा दोन चौकटींइतक्याही माश्या उरल्या नसतील, तर पेटी वाचवायचा हट्ट धरू नये. रोग नाही याची खात्री करून, मध्ये बारीक भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घालून ती राणी असलेल्या पेटीवर ठेवावी. कागद कुरतडेपर्यंत वास मिसळतो आणि भांडण होत नाही. पुढच्या हंगामात त्याच वसाहतीचे दोन भाग करता येतात. प्रत्यक्ष हाताने शिकायचे असेल तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात चौकशी कर. आणि या रविवारी उघडीप असेल तर पेटी एकदाच उघड, राणी न शोधता फक्त अंडी बघ, आणि एका घरात किती दिसली ते कळव.



तुझा मामा