जूनच्या आधीचे कागद

मुदखेड हे जंक्शन आहे. एक रूळ नांदेडकडे जातो, एक निजामाबादवरून सिकंदराबादकडे आणि एक भोकर, किनवटवरून आदिलाबादकडे. बी.ए., बी.एस्सी. झालेली आमच्याकडची बहुतेक पोरं पुढच्या शिक्षणासाठी नांदेडच्या गाडीत बसतात. विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, जाऊन-येऊन जमतं, जेवण घरचं राहतं. मीही एम.एस्सी. तिथूनच केलं आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण सिकंदराबादची गाडी धरायची, म्हणजे एखाद्या केंद्रीय विद्यापीठात जायचं, तर तयारी कोणत्या महिन्यात सुरू करायची आणि कोणता कागद लागतो, हे सांगणारं माणूस तेव्हा गावात नव्हतं. आता मी तासिका तत्त्वावर शिकवते. रविवारी फायली घेऊन येणाऱ्या पोरांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

माझी गोष्ट मोठी नाही. हैदराबादच्या एका केंद्रीय विद्यापीठात एम.एस्सी.च्या यादीत ओबीसीच्या जागेवर माझं नाव लागलं. आमची जात राज्याच्या यादीत भटक्या जमाती ‘क’ मध्ये मोडते. माझ्याकडे जातीचा दाखला होता, नॉन क्रीमीलेयर होतं, जात वैधतासुद्धा होती. वडील म्हणाले, एवढे कागद तर लग्नालाही लागत नाहीत. अर्ज भरण्याआधी मी दाखले काढून देणाऱ्याला मुद्दाम विचारलं होतं, केंद्रासाठी वेगळं काही लागतं का? “सर्टिफिकेट म्हणजे सर्टिफिकेट, ताई. त्यात काय राज्याचं अन् केंद्राचं?” हे त्याचं उत्तर. पडताळणीच्या टेबलावरच्या बाईंनी फाईल शांतपणे चाळली आणि सांगितलं, यातलं एकही आम्हाला चालत नाही. हमीपत्र लिहून घेतलं, मुदत दिली. इकडे उपविभागीय अधिकाऱ्यांची सही होईपर्यंत ती मुदत संपली आणि जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. नियमाप्रमाणेच गेली.

तर पहिली गोष्ट याद्यांची. राज्याची मागासवर्गीयांची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. केंद्राच्या अर्जात रकाने मोजकेच: खुला, ईडब्ल्यूएस, ओबीसी (नॉन क्रीमीलेयर), अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे आपल्या राज्याचे प्रवर्ग. केंद्राकडे ते नाहीत. धनगर, वंजारी या जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत आहेत. पण दाखल्यावर ‘भटक्या जमाती’ असं वाचून पोरं सरळ अनुसूचित जमातीच्या रकान्यात खूण करतात. असा अर्ज पडताळणीत टिकत नाही, आणि तोवर दुरुस्तीची खिडकी बंद झालेली असते. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यवार पाहता येतं. चहाच्या टपरीवर विचारू नये. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात तिथे असतेच असं नाही.

कागदही वेगळा असतो. राज्यात जातीचा दाखला एक आणि नॉन क्रीमीलेयर दुसरं, अशी दोन पानं मिळतात. केंद्राचं एकच पान असतं. त्यात जात आणि क्रीमीलेयरमध्ये नसल्याचा दाखला एकत्र असतो. ते भारत सरकारच्या नमुन्यात, इंग्रजीत असतं आणि त्यात केंद्राच्या कार्मिक विभागाच्या ८ सप्टेंबर १९९३ च्या आदेशाचा उल्लेख असतो. ही तारीख दिसली नाही तर कागद चुकला समजा. शिवाय तो कागद ताजा लागतो. बहुतेक ठिकाणी त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलाच चालतो. राज्याचं नॉन क्रीमीलेयर तीन वर्षांचं मिळालेलं असतं, म्हणून घरचे निर्धास्त असतात. एप्रिल उजाडला की पहिल्या आठवड्यात केंद्राच्या नमुन्यासाठी अर्ज टाकावा. मे-जूनमध्ये दहावी-बारावीचं सगळं गाव तहसीलच्या दारात असतं आणि सर्व्हर बसलेला असतो.

मराठा घरांतल्या पोरांसाठी थोडं जास्त लिहिते, कारण घोळ तिथे जास्त आहे. २०२४ च्या कायद्याने राज्यात एसईबीसीचं १० टक्के आरक्षण दिलं आहे. केंद्राच्या अर्जात तो रकाना नाही. तिथे उरतं ते ईडब्ल्यूएस. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला ८ लाखांची उत्पन्नमर्यादा तर आहेच, पण कुटुंबाकडे ५ एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर दाखलाच मिळत नाही. ती जमीन गोदावरीच्या काठची केळीची आहे की माळावरची कोरडवाहू, हे कोणी विचारत नाही. सहा एकर बरड रानावर ज्यांचं घर चालत नाही, ते केंद्राच्या हिशेबात सधन ठरतात. मला हे पटत नाही. पण माझ्या पटण्यावर प्रवेश होत नाहीत. सातबारा आधी काढून बघा, मग रकाना निवडा.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याकडे प्रवेश म्हणजे जून. निकाल लागतो, मार्कमेमो हातात येतो, मग माणूस विचारू लागतो, ‘पुढं काय?’ केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी-पीजी ही परीक्षा सुरू झाली. तिचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. आयआयटीत एम.एस्सी. करायचं तर जॅम परीक्षा फेब्रुवारीत आणि अर्ज त्याच्या आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या पोळ्या-महालक्ष्म्यांच्या दिवसांत. जूनमध्ये विचारणाऱ्याला मी एवढंच सांगू शकते की पुढच्या वर्षीचं बघू.

सीयूईटीत आणखी एक खड्डा आहे. एमबीए, एमसीए, बी.एड. यांच्या राज्याच्या सीईटीनंतर कॅप फेऱ्या होतात, एका ठिकाणी पसंतीक्रम भरला की काम होतं. सीयूईटी-पीजीचं तसं नाही. परीक्षा घेणारी एनटीए फक्त गुण देते. कोणत्या अभ्यासक्रमाला कोण पात्र, किती टक्के लागतात, पदवीला कोणता विषय हवा, हे प्रत्येक विद्यापीठ आपलं आपण ठरवतं आणि निकालानंतर तिथे वेगळी नोंदणी करावी लागते. एका मुलाला फार चांगले गुण होते. ‘लेटर कधी येईल?’ म्हणून तो वाट बघत राहिला. नोंदणी केलेलीच नव्हती, लेटर कुठून येणार? तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे. आपल्या पोरांना ते घरच्यासारखं वाटतं, पण प्रवेशाची वाट आता याच परीक्षेतून जाते.

गुणांच्या बाबतीत एवढंच, की ५४.९ म्हणजे ५५ नव्हे. नेट परीक्षेला पदव्युत्तर पदवीत खुल्या वर्गाला ५५ टक्के लागतात, आणि जवळचा पूर्णांक धरायचा नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ५० टक्के. तिथेही ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतलेच. मार्कमेमोवर सीजीपीए असेल तर टक्के काढायचं सूत्र आपल्याच विद्यापीठाचं वापरायचं. सरसकट दहाने गुणून मोकळं होऊ नये. कमी टक्क्यांनी खचूनही जाऊ नये. एक गृहस्थ बी.ए.ला ४८ टक्के म्हणून बी.एड.चा नाद सोडून बसले होते. ५० टक्के पदवीत किंवा पदव्युत्तर पदवीत असले तरी चालतात. त्यांनी एम.ए. चांगलं केलं होतं, आणि तो कागद ट्रंकेत पडून होता.

विषयाचं मात्र टक्क्यांसारखं सावरता येत नाही. एमसीएला बारावीत किंवा पदवीला गणित असावं ही अट वर्षानुवर्षं चालत आली आहे. आता काही ठिकाणी ब्रिज कोर्सची सोय आहे, पण त्यावर विसंबून गणित सोडू नये. नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर-मायनरची रचना आली. ज्या विषयात एम.एस्सी. करायचं आहे तो मेजर ठेवावा, हे पोरांना कोणी सांगत नाही. मैत्रिणीने जे घेतलं ते घेतलं, नाहीतर ज्याचे तास अकराच्या आत संपतात ते घेतलं, अशी निवड होते. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला बसून दोन-तीन विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान वाचायला अर्धा तास पुरतो.

नावाचा घोळ आपल्या मराठी माणसाच्या पाचवीला पुजलेला आहे. मार्कमेमोवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर आधी नाव आणि शेवटी आडनाव. बँकेत वडिलांचं नाव गायब. ‘ज्ञानेश्वर’ एका कागदावर डी-एन-वाय तर दुसऱ्यावर जी-वाय. दहावीच्या प्रमाणपत्राला मूळ धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या, उलट नको. लग्न झालेल्या मुलींनी पदवी पूर्ण होईपर्यंत नाव बदलण्याची घाई करू नये. सासरचे म्हणतील, ‘आधारवर आमचं आडनाव कधी?’ त्यांना सांगा, पदवी झाल्यावर. बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या आणि त्याची प्रत फाईलला लावा.

जात वैधतेचं प्रमाणपत्र राज्याच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना लागतं, आणि मराठवाड्यात ते काढणं जड जातं. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. जुन्या नोंदी उर्दूत, सन फसली. (फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, हे मला एका म्हाताऱ्या कारकुनाने शिकवलं.) आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा जिल्हा परिषदेच्या शाळेत सापडतो का पाहा. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यात कोणाची वैधता झालेली असेल तर काम निम्मं होतं. त्यासाठी कधी कधी दहा वर्षं बोलणं नसलेल्या चुलत्याच्या दारात जावं लागतं. जावं. बांधाचं भांडण नंतरही करता येतं.

टीसीबद्दल. केंद्राची यादी लागेपर्यंत हातात काहीतरी असावं म्हणून पोरं जवळच्या महाविद्यालयात प्रवेश घेऊन ठेवतात. ते शहाणपणाचं आहे, पण टीसी एकदाच मिळते, ती तिथे जमा होते आणि परत मागायला गेलं की आज या, उद्या या. मूळ गुणपत्रिका आणि सनद अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीने ऑक्टोबर २०१८ मध्ये सगळ्या संस्थांना कळवलं आहे. त्याची प्रत सोबत ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो. टीसीसाठी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन लागतं, तेही वेळेत मागावं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, ते एका दिवसात होतं.

मुलींच्या वडिलांनी फीच्या आकड्याला घाबरून एमबीए-एमसीएचं नाव टाकू नये. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतूनच झालेला हवा. ‘फेरीची वाट कशाला बघता, संस्थेच्या कोट्यातून आत्ताच जागा देतो,’ असं कोणी म्हणालं तर ही सवलत त्या जागेला मिळत नाही, हे आधी लक्षात घ्या आणि मगच पैसे भरा.