कोड एडिटर : निवड आणि सराव

एडिटर म्हटले की आपल्या वार्षिकाचे संपादक डोळ्यांसमोर येतात. या लेखातील एडिटर मात्र निराळा. वेबपानाचा कोड ज्यात लिहितात, ते सॉफ्टवेअर म्हणजे कोड एडिटर होय. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्या फजितीत आहे.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी आईच्या बचत गटासाठी वेबपान करावे असे मनात आले. पापड, कुरडया, सांडगे यांचे भाव व गटाची हकीकत आईने सांगितली आणि मी ती एका जुन्या संगणकावर नोटपॅडमध्ये दोन दुपारी बसून टाईप केली. फाईल सेव्ह करताना पडद्यावर एक चौकट आली. तीत इंग्रजीच्या तीन-चार ओळी होत्या. मी सवयीने 'ओके' दाबले. दुसऱ्या दिवशी फाईल उघडते तो काय, इंग्रजी खुणा शाबूत आणि मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे!

सरांना दाखवले. त्यांनी विचारले, "काय गं, चौकटीत काय लिहिले होते?" मी म्हणाले, "वाचले नाही, सर." ते रागावले नाहीत. "मग पुन्हा एकदा तसेच करून बघ आणि वाच," एवढेच म्हणाले. फाईलमध्ये युनिकोड अक्षरे आहेत, 'अँसी' पद्धतीने ठेवल्यास ती नष्ट होतील, असे तीत स्पष्ट बजावले होते.

त्यामागचे कारण असे. संगणक अक्षर नव्हे, अंक साठवतो. इंग्रजी विंडोजच्या अँसी तक्त्यात २५६ च जागा असून त्यांत देवनागरीला स्थान नाही. न सापडलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसते व मूळ मजकूर परत मिळत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत नीट बसते. विंडोज १० च्या २०१९ मधील सुधारणेपासून नोटपॅडही आपण होऊन हीच पद्धत वापरते. जुन्या संगणकावर ती स्वतः निवडावी लागते.

मग एडिटर कोणता निवडावा? 'वर्ड' उपयोगाचे नाही, कारण ते अक्षरांबरोबर त्यांची सजावटही साठवते. ब्राउझरला हवा असतो साधा मजकूर. नोटपॅड प्लस प्लस हा डॉन हो यांनी २००३ मध्ये आणलेला एडिटर हलका व विनामूल्य आहे. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड २०१५ मध्ये आला. त्यात सोयी पुष्कळ, पण जुना संगणक त्याने थकतो. ब्रॅम मूलेनार यांचा विम १९९१ चा. माउसला हात न लावता त्यात सर्व कामे होतात, पण शिकायला धीर लागतो. माझ्या वाट्याला जुना संगणक असल्याने मी पहिला निवडला.

निवड चुकेल अशी भीती बाळगू नये. २०१४ मध्ये आलेला ॲटम हा एडिटर बराच लोकप्रिय होता. डिसेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला. पण त्यात लिहिलेल्या फाईली आजही कोणत्याही एडिटरमध्ये उघडतात. मात्र दर आठवड्याला एडिटर बदलूही नये. नोटपॅड प्लस प्लसमध्ये कंट्रोल व डी दाबले की चालू ओळीची दुसरी प्रत तयार होते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये त्याच कळांनी तोच शब्द पुढे जेथे असेल तो निवडला जातो. हाताला लागलेले वळण अशा वेळी आडवे येते.

सरावासाठी माझ्या मित्रमैत्रिणींना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, नवी फाईल उघडताच ती यूटीएफ-८ मध्ये आहे ना, हे पाहावे. दुसरी, सेव्ह करणे, मागे जाणे आणि शोधणे या तीन कामांच्या कळा आधी पक्क्या कराव्यात. मग आठवड्याला एक नवी शिकावी. तिसरी, एडिटर काही सांगू लागला तर शब्दकोश घ्यावा, पण वाचल्याशिवाय 'ओके' दाबू नये. इंग्रजी आपल्याला जड जाते हे कबूल करण्यात कमीपणा नाही. न वाचता पुढे गेल्याने माझ्या दोन दुपारी गेल्या.

आईने सगळी हकीकत पुन्हा सांगितली आणि मी ती पुन्हा टाईप केली. पान तयार झाले. आता कुरडयांचा भाव बदलला की ती मला सांगते आणि मी ती एक ओळ बदलते.