इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो?



उसाचे पान पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी पडले, असे जाणता शेतकरी लगेच ठरवीत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे झाले की केवडा पडतो. पाणी साचून मुळ्या गुदमरल्या तरी पान पिवळेच दिसते. कारण न ओळखता युरिया टाकला तर पैसा जातो आणि पान आहे तसेच राहते. गाडीतल्या पिवळ्या इंजिन-दिव्याचे असेच आहे. आता आपल्या पुष्कळ घरांत पिकअप, जीप नाहीतर लहान मोटार आहे. "दिवा घालवून आणला, चार दिवसांत परत लागला" ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. त्यावर कुणीतरी म्हणतोच, "तुमच्या उसाच्या इथेनॉलनेच इंजिनं बिघडतात." हा शेवटचा मुद्दा तर थेट आपल्या पोटाशी येतो. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

दिवा काय सांगतो

हवा, उष्णता, धुरातला प्राणवायू, इंजिनाच्या फेऱ्या, हे सारे मोजणारे सेन्सर इंजिनावर बसवलेले असतात. त्यांचे आकडे इंजिनच्या संगणकाकडे जातात. हिशेब जुळेना झाला की तो दिवा लावतो. आपल्या देशात मोटारींना ही व्यवस्था एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि तपासणी आणखी कडक झाली. जुन्या गाडीत जे खपून जायचे, ते नव्या गाडीत दिव्यावर येते.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर घाबरू नये. एक-दोन दिवसांत तपासून घ्यावी. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करीत आहे असे समजावे. न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग खराब होतो. वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. ऑइलचा किंवा तापमानाचा तांबडा दिवा लागला तर सुरक्षित जागा पाहून लगेच इंजिन बंद करावे. तिथे "गावापर्यंत नेऊ" चालत नाही.

दिवा पुसला म्हणजे दुरुस्ती झाली नाही

पंचवटीत रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती सर्वांना ठाऊक आहे. गोदावरीला पूर आला की पाणी मारुतीच्या कमरेला लागले, गळ्याला लागले, अशा बोलीत नाशिककर पुराचे माप सांगतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांतही लोकांची नजर त्याच्यावरच होती. पण मारुतीकडे पाठ फिरवली म्हणून पूर ओसरत नाही. दिवा पुसणे म्हणजे अशीच पाठ फिरवणे.

मग चार दिवस दिवा लागत नाही तो का? बहुतेक दोषांत संगणक पहिल्या फेरीला फक्त कच्ची नोंद करतो. पुढच्या फेरीत तोच दोष दिसला की दिवा लावतो. नोंद पुसली की ही वही कोरी होते आणि सगळ्या चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागतात. त्यात काही दिवस जातात. आपण म्हणतो, "झाली गाडी दुरुस्त!" खरा दोष निघाला असेल तर साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो.

सांकेतिक अंक वाचावा कसा

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला की एक अक्षर व चार अंकांचा संकेत मिळतो. मोबाईलला जोडणारे साधे स्कॅनर काही शे रुपयांपासून मिळतात. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसिंग, पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरचे काम अपुरे, पी ०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

हा अंक तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. समजा, ०१७१ आला. घाईने ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. वास्तविक त्या सेन्सरनेच खरी खबर दिलेली असते! आधी संगणक नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवून देतो आहे, तो आकडा स्कॅनरवर पाहावा. गाडी जागेवर सुरू असताना वाढ मोठी आणि अडीच हजार फेऱ्यांवर कमी होत असेल, तर चिरलेल्या नळीतून किंवा गॅस्केटमधून चोरटी हवा शिरते आहे. चढावर, जोर लावताना वाढ मोठी असेल, तर फिल्टर व पेट्रोल पंप तपासावा.

इथेनॉलचा वाटा किती?

इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के प्राणवायू असतो. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तर २० टक्के मिश्रणाला साडेतेरा किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त द्यावे लागते. निरोगी इंजिनचा संगणक एवढी भर सहज घालतो. बहुतेक गाड्यांत त्याची मर्यादा वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते. पण चोरट्या हवेपायी पंधरा टक्के भर आधीच खर्ची पडली असेल, तर मिश्रणाची भर पडून मर्यादा ओलांडते आणि दिवा लागतो. नळी बदलली की तेच इंधन चालते.

मात्र दुसरी बाजू लपवू नये. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग इथेनॉलने लवकर खराब होऊ शकतात, आणि ॲव्हरेज थोडे घटते. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाशी उतरते आणि इंजिन अडखळते. म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट असावे आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. माल आपला आहे, तर त्याचे गुण-दोष दोन्ही आपल्याला सांगता आले पाहिजेत.

डिझेल गाडीवाल्यांसाठी

गावातून पंचवटीच्या मार्केट यार्डात जायचे, रांगेत इंजिन चालू ठेवायचे, परत यायचे. अशा तुटक फेऱ्यांत नव्या डिझेल गाडीची काजळी गाळणारी जाळी तापत नाही, काजळी जळत नाही आणि जाळी तुंबते. तिचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आडगावच्या पुढे महामार्गाला पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. बरेचदा जाळी मोकळी होते.

गॅरेजला जाताना

१. दिवा केव्हा लागला ते लिहून ठेवावे: गार इंजिन की गरम, पाऊस, चढ, नुकतेच भरलेले इंधन.

२. संकेत आणि त्या क्षणाची संगणकातली नोंद यांचा फोटो घ्यावा. त्याआधी काही पुसू देऊ नये. बॅटरीची तार काढली तरी नोंद जाऊ शकते.

३. स्वस्त गोष्टी आधी पाहाव्यात: टाकीचे झाकण, एअर फिल्टर, सैल पिना, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, इंजिन धुताना सॉकेटात गेलेले पाणी.

४. एका वेळी एकच भाग बदलावा. चार एकदम बदलले तर दोष कशात होता ते कळत नाही आणि चारांचे बिल येते.

५. काढलेला भाग मागून घ्यावा. आठवडाभर गाडी चालवून मगच काम झाले म्हणावे.

ऊसतोडीच्या ऐन हंगामात गाडी दारात उभी राहणे कुणाला परवडत नाही. दिवा विझला का, एवढेच विचारू नका. तो लागला कशाने होता, हे मेकॅनिककडून समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.