दुखापतीची वार्ता आणि कालामांचा प्रश्न

वसतिगृहातील मूल खेळताना पडले, की गावाकडे वार्ता आधी पोहोचते आणि वस्तुस्थिती मागाहून. पाय मुरगळलेला असतो. तीन घरे ओलांडेपर्यंत तो मोडलेला असतो. निवासी शाळेच्या पालकांना हा अनुभव नवा नाही. खात्रीची वार्ता कशी ओळखावी, हे शिकण्यासाठी या पाठात आम्ही एक दूरचे उदाहरण घेत आहोत, अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे. तेथे हा प्रश्न इतका वाढला, की त्यासाठी नियम करावे लागले.

चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि धावणाऱ्याला अंगावर झेपावून पाडण्याचा हा खेळ. १९०५ च्या हंगामात या खेळातील १८ मृत्यूंची मोजणी ‘शिकागो ट्रिब्यून’ने प्रसिद्ध केली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले होते. त्या खळबळीतून १९०६ मध्ये जी संघटना उभी राहिली, तीच आजची ‘एनसीएए’. कोलंबिया विद्यापीठाने तर हा खेळच बंद केला. तो १९१५ मध्ये पुन्हा सुरू झाला, तेव्हा पूज्य बाबासाहेब तेथेच शिकत होते.

व्यावसायिक ‘नॅशनल फुटबॉल लीग’मध्ये प्रत्येक संघाला दुखापतींचा साप्ताहिक अहवाल द्यावाच लागतो. महाविद्यालयीन संघांना मात्र अनेक दशके देशभर लागू असे बंधन नव्हते. खेळाडू हे विद्यार्थी. त्यांच्या नोंदींची गोपनीयता राखणारा १९७४ चा कायदा आहे. शिवाय प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून प्रशिक्षक मोघम बोलतात. मे २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्यावर बंधन घालणारा केंद्रीय कायदा रद्द ठरवला. अनेक राज्यांत सट्टा कायदेशीर झाला आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याची ‘आतली खबर’ पैशात मोजली जाऊ लागली.

यावर उपाय म्हणून ‘बिग टेन’ या विद्यापीठसमूहाने २०२३ पासून, तर ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ने २०२४ पासून ‘उपलब्धता अहवाल’ सुरू केले. दुसऱ्या समूहात आपसांतील फुटबॉल सामन्याच्या तीन दिवस आधी पहिला अहवाल निघतो, तो रोज सुधारला जातो आणि शेवटचा सामन्यापूर्वी ९० मिनिटे येतो. अहवालात चूक वा टाळाटाळ झाल्यास दंड आहे. वारंवार घडल्यास तो १ लाख डॉलरपर्यंत जातो.

केसपुत्त नगरीतील कालामांनी तथागतांपुढे मांडलेला प्रश्न याच जातीचा होता. अनेक उपदेशक येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो. मग विश्वास कोणावर ठेवावा? केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, तर्काला पटते, बोलणारा आदरणीय आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असा त्या उपदेशाचा आशय आहे. तो समोर ठेवून दुखापतीच्या वार्तेला आम्ही चार कसोट्या लावतो.

पहिली, सांगणारा उत्तरदायी आहे काय? संघाचा अधिकृत अहवाल चुकला तर दंड होतो. नाव घालून लिहिणाऱ्या बातमीदाराची पत जाते. निनावी अफवेचे काहीच जात नाही.

दुसरी, वार्ता केव्हाची? बुधवारी ‘अनिश्चित’ असलेला खेळाडू शनिवारी मैदानात असू शकतो. दिनांक नसलेली वार्ता अर्धीच वार्ता होय.

तिसरी, शब्द नेमके किती सांगतात? उपलब्धता अहवाल खेळाडू खेळणार की नाही, एवढेच सांगतो. ‘बाहेर’ याचा अर्थ ‘हाड मोडले’ असा नव्हे; शिस्तभंगामुळेही खेळाडू बाहेर असू शकतो. कारण आपण जोडतो आणि मग तेच ऐकले असे समजतो.

चौथी, सांगणाऱ्याचा लाभ कशात? सट्टा लावणाऱ्याला भाव फिरवायचा असतो, प्रशिक्षकाला प्रतिस्पर्ध्याला चकवायचे असते. आदरणीय माणसाचे बोलणेही तपासावे लागते, ते यासाठीच.

चारही कसोट्यांना उतरलेली वार्ता खरी मानावी. पण खरी आहे म्हणून ती सांगितलीच पाहिजे असे नाही. बुद्धवचनात सुभाषित वाणीची पाच लक्षणे सांगितली आहेत: योग्य वेळी, सत्य, मृदू, हितकारक आणि मैत्रीपूर्ण चित्ताने बोललेली. सत्य हे त्यांपैकी एक आहे. जखमी मुलाला आपल्या दुखण्याची वार्ता आधी आईवडिलांना कळावी असे वाटते, सट्टेबाजाला नव्हे. तो खेळणार की नाही हे जाणण्याचा प्रेक्षकाचा हक्क मानता येईल, त्याच्या शरीराचा तपशील मात्र त्याचा आहे.

म्हणून आमच्या पालकांना व माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे, की वसतिगृहातून अपघाताची वार्ता कानी आली तर ती पुढे पाठवण्याआधी अधीक्षकांना विचारावे. आणि शाळेनेही लपवाछपवी न करता, त्याच दिवशी, प्रथम त्या मुलाच्या घरी कळवावे. जेथे उत्तरदायी माणूस वेळेवर बोलतो, तेथे अफवेला जागा उरत नाही.

स्वाध्याय
१. गेल्या महिन्यात आपण पुढे पाठवलेली एखादी वार्ता आठवा. ती कोणत्या कसोटीवर टिकत नाही?
२. सत्य असूनही न सांगणे योग्य ठरेल, असा एक प्रसंग लिहा.
३. आपल्या वसतिगृहासाठी दुखापत कळवण्याचे तीन नियम तयार करा.