वाचकांचे प्रश्न : मोटार सावंतवाडीत, नोंदणी पेडण्यात

प्रश्न : मी सावंतवाडीस नोकरी करतो आणि कर्ज काढून मोटार घेणार आहे. गोव्यात कर कमी म्हणून ती पेडण्याच्या मामांच्या पत्त्यावर नोंदवावी आणि बारा महिने भरण्यापूर्वी दोन दिवस तिकडे नेऊन आणावी, असे स्नेही सुचवतात. पुदुच्चेरी अधिक सोयीची का? आणि एकाच देशात हा भेद कशासाठी?

उत्तर : पुदुच्चेरीचे नाव काढू नका; तेथील खोट्या पत्त्यांवर नोंदवलेल्या महागड्या मोटारींपायी केरळात 2017 साली फौजदारी प्रकरणे उभी राहिली.

भेदाचे कारण सरळ आहे. त्याच वर्षी जकातीसह पुष्कळ कर वस्तू व सेवा करात विलीन झाले, तरी मद्य, पेट्रोल-डिझेल, मुद्रांकशुल्क आणि वाहनकर यांवरील हुकमत राज्यांकडेच राहिली, आणि ज्याचा जसा उदीम तसा त्याचा महसूल. मुंबईतील जागांच्या व्यवहारांमुळे महाराष्ट्रास मुद्रांकशुल्काचा मोठा आधार आहे. पर्यटन व खनिज यांवर पोसलेल्या गोव्याने 2012 साली पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ माफ केला, पण त्याच वर्षी खाणी बंद पडल्या आणि पुढे तो कर पुन्हा चढू लागला. तेव्हा शेजारच्या राज्यातील सवलत कायमची समजू नये.

तुम्ही विचारायला हवे होते ते हे, की मोटार रात्री उभी कोठे राहणार? बारा महिन्यांची मुदत मोटार वाहन कायद्याच्या 47 व्या कलमातील असून ती नव्या नोंदणी-क्रमांकासंबंधी आहे. कर बसतो तो महाराष्ट्राच्या 1958 च्या निराळ्या कायद्याने, राज्यात वापरलेल्या अथवा वापरासाठी ठेवलेल्या वाहनावर, आणि या दोहोंची गल्लत करूनच माणसे बुडालेली मी पाहिली आहेत. कारण एकदा चौकशी लागली, की गोव्याचा ना-हरकत दाखला, कर्ज देणाऱ्या बँकेची संमती आणि महाराष्ट्राचा कर ही सारी एकदम दारात येतात, गोव्यातील कराचा परतावा मिळालाच तर तो मागाहून मिळतो, हप्ता मात्र थांबत नाही. शिवाय खोट्या पत्त्याचा जबाब मामांनाही द्यावा लागतो. त्या वृद्धांना यात कशाला ओढता?

तुमची खरी चिंता मोटार झेपेल का, ही दिसते. विक्रेत्याकडून कर व विमा धरून एकूण किंमत लेखी घ्या. ती कर्जात बसत नसेल तर लहान मोटार पाहा. सीएनजी मोटारीवर महाराष्ट्रात कर पेट्रोलहून कमी आहे. तुमच्या कंपनीच्या कचेऱ्या चार वा अधिक राज्यांत असतील, तर मात्र भारत मालिकेच्या नोंदणीची चौकशी अवश्य करा.