जुन्या घरात मोठा एमसीबी बसवावा का?

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या जुन्या फ्लॅटमध्ये एसी लावला की एमसीबी पडतो. 32 अँपिअरचा चालेल का?

उत्तर : एमसीबी उपकरणाला नव्हे, भिंतीतल्या वायरला जपतो. तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटर वायरला 10 अँपिअर, अडीचच्या वायरला 16 अँपिअर योग्य. त्यावर 32 चा बसवला, तर तो पडण्याआधी वायर तापून आग लागू शकते. एसीसाठी स्वतंत्र, जाड वायर ओढणे हाच खरा उपाय. सुरू होतानाचा करंटचा झटका एमसीबी किती सहन करतो, त्यावरून त्याचे बी, सी, डी हे प्रकार म्हणजे कर्व्ह ठरतात. दिवे-गिझरला बी, एसी-फ्रिजला सी कर्व्ह घ्यावा. पिठाच्या गिरणीची मोटर सुरू होताना कित्येक पट करंट खेचते. तिथे डी लागतो. शॉकपासून मात्र एमसीबी वाचवत नाही. त्यासाठी करंटची गळती ओळखून वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.