गुरुत्वाकर्षण आणि प्रतिगुरुत्व : एक जिज्ञासा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गुरुत्वाकर्षणावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांना हा विषय परका नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाडवरून समुद्राकडे धावते ती याच ओढीने. आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, तो डोंगर खाली आला तोही याच ओढीने. मग साहजिकच मनात येते, या शक्तीच्या उलट अशी एखादी शक्ती, म्हणजे प्रतिगुरुत्व, निसर्गात आहे काय?

न्यूटनने १६८७ साली सांगितले, की विश्वातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. विद्युतभार धन आणि ऋण असा दोन प्रकारचा असतो. म्हणून तेथे आकर्षण आहे तसे प्रतिकर्षणही आहे. वस्तुमान मात्र एकाच प्रकारचे आढळते. धूर वर जातो, तो भोवतालची थंड व जड हवा खाली ओढली जाऊन त्याला वर ढकलते म्हणून. रायगडचा रोपवे वर चढतो तो दोराच्या ताणाने. ही प्रतिगुरुत्वाची उदाहरणे नव्हेत.

प्रतिद्रव्य तरी वर पडत असेल, अशी शंका पुष्कळांना होती. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनचे अणू मोकळे सोडून पाहिले. तेही खालीच पडतात, असे २०२३ साली जाहीर झाले.

तथापि विश्वाच्या अफाट पसाऱ्यात चित्र निराळे दिसते. कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्यासह १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण का पावते हे सांगण्यासाठी त्या दोघांनी ऋण ऊर्जेच्या क्षेत्राची कल्पनाही वापरली होती. त्यांचे स्थिर विश्वाचे मत बहुतेकांनी स्वीकारले नाही. परंतु विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे, असे १९९८ साली दोन संशोधक गटांना आढळले. आइन्स्टाइनच्या समीकरणांत अशा प्रतिकर्षणाला जागा आहे. त्यामागील कारणाला ‘कृष्ण ऊर्जा’ हे नाव मिळाले. तिचे स्वरूप अद्याप उलगडलेले नाही.

ही ऊर्जा आपल्या डोंगरांना मात्र तोलून धरीत नाही. ते काम माती-खडकांच्या कणांमधील घर्षण आणि चिकटपणा करतो, आणि त्याचे मूळ अणूंमधील विद्युतबलात आहे. अतिवृष्टीत मातीचे वजन वाढते. शिवाय कणांमध्ये शिरलेल्या पाण्याच्या दाबाने त्यांची परस्परांवरील पकड सुटते. गुरुत्वाकर्षण असते तेवढेच राहते. कमी होतो तो आधार.

म्हणून उताराचा पायथा न तोडणे, पाण्याला वाट करून देणे, जमिनीला पडलेल्या भेगा व कललेली झाडे वेळीच ओळखून जागा सोडणे, हेच आपल्या हाती आहे. गुरुत्वाकर्षण थांबविता येत नाही. आधार जपता येतो.